तपकिरीची डबी आणि आईचा घेवडा

रॅकून फोर्क, केंटकी
रविवार, ९ मार्च २०१४

चि. डोव्ही हिस,
ओर्लीनाताईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, नातवाचा फोटो पोचला. कान थेट आपल्या बाबांचे, त्याला आता कोण काय करणार! फ्रीजवर चिकटवलाय. शेजारच्या होबार्टला दाखवला तर म्हणाला, वाऱ्याच्या दिवशी ह्या पोराला घट्ट धरून ठेवा. म्हाताऱ्याचा दात दुखतोय, तरी जीभ काही दुखत नाही.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. आपली ट्रेसा धरली गेली.

घाबरू नकोस, घरी आहे. ह्या क्षणी माझ्या समोर बसून बटाटे सोलतेय आणि साल इतकी पातळ काढतेय की बघत राहावं. नर्सिंगच्या शाळेत शिकवत असतील बाई. मेमध्ये ती पास होणार, आपल्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी. मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून सांगून असं केलंय की आता मला बघितलं की लोक दुसऱ्या बाकावर जातात.

तर झालं असं. एक तारखेला ती कॉलेजातून येत होती. गाडीचा मागचा दिवा गेला होता. शेरीफच्या माणसानं थांबवलं, कागद मागितले. तिनं कागदांसाठी पुढचा खण उघडला, तर आतून तपकिरीची डबी घरंगळली आणि तिच्या पायाशी येऊन पडली. लाल डबी, झाकणाला पोचा. त्यानं उघडायला लावली. आत अकरा गोळ्या. दुखण्यावरच्या, अफूच्या जातीतल्या. मग तिचं आडनाव वाचून त्यानं विचारलं, की तू डेन्व्हर स्पर्लॉकची मुलगी का गं. झालं. माझं लेकरू नऊ वर्षं झाली जमिनीखाली आहे, पण त्याचं नाव अजून त्यांच्या वहीत जिवंत आहे. पोरीला थेट तुरुंगात नेलं. दुसऱ्या दिवशी मी जामिनावर सोडवून आणली.

डोव्ही, ती डबी माझी. आठवतंय ना, नाताळला आम्ही तुझ्याकडे त्याच गाडीनं आलो होतो? गुडघा दुखला तर असावी म्हणून मी ती खणात टाकली आणि विसरले. पोरीला पत्ताच नव्हता.

तू म्हणशील, औषध तपकिरीच्या डबीत कशाला? तू पन्नास वर्षं ओहायोत राहिलीस, तुला काय माहीत. इथं ह्या घळीत कुठलीच बाई दुखण्याची गोळी तिच्या बाटलीत ठेवत नाही. चोर घरात शिरला की चिठ्ठी लावलेली बाटलीच आधी शोधतो. माझ्याकडचा चोर तर घरातलाच होता, त्याला मी जेवायला वाढत होते. तेव्हापासून सवय लागली. गोळ्या डबीत, डबी पिठात, आणि रिकाम्या बाटलीत बी. बाटली झकास असते गं बियांना, कीड लागत नाही.

सरकारनं ट्रेसाला फुकट वकील दिलीय, हॅडिक्सबाई. नखं खाते, पण डोकं चालतं. तिनं मला कायदा समजावला, तो तुला समजावते, म्हणजे मलाही नीट समजेल. सरकारनं औषधांच्या पाच याद्या केल्यात. पहिलीतली वस्तू जवळ असूच नये. बाकीच्यांमधल्या बहुतेक डॉक्टरच्या चिठ्ठीनं चालतात, आणि माझी गोळी दुसऱ्या यादीतली, म्हणजे भारी. ती कोणाची हे कायदा नंतर विचारतो. आधी विचारतो, ती कोणाच्या ताब्यात होती. हातात, खिशात, गाडीच्या खणात, सगळा ताबाच. एक गोळी असो की अकरा, गुन्हा तितकाच मोठा. फक्त ती तिथे आहे हे माणसाला माहीत होतं, एवढं सरकारला सिद्ध करावं लागतं. आणि औषध स्वतःच्या बाटलीबाहेर ठेवलं, ह्यालासुद्धा एक छोटा वेगळा गुन्हा आहे म्हणे! मी म्हटलं, मग ह्या घळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या आत घाला आणि स्वयंपाकाला माणूस ठेवा.

गुन्हा शाबीत झाला तर ट्रेसाला नर्सचा परवाना मिळणार नाही. तीन वर्षं पाण्यात. पंधरा एप्रिलची तारीख आहे.

हॅडिक्सबाई म्हणते बाटली आणा. चिठ्ठीवर माझं नाव असेल, आणि गोळी कशी दिसते तेही छापलेलं असतं. आपलं औषधाचं दुकान बंद पडलंय. त्यांचे कागद कुठल्या कंपनीकडे गेले तिथे तिनं लिहिलंय, पण उत्तर कधी येईल देव जाणे. आणि ती बाटली कुठे आहे? तुझ्याकडे! नाताळला आईच्या तुळतुळीत घेवड्याचं बी दिलं ना, तीच. टाकली नाहीस ना गं? आणि बी पेरलं नसशील तर तेही राख. माझ्याकडचं सगळं यंदा उंदरांनी खाल्लं.

बाटली सापडेपर्यंत माझ्या घशाखाली घास नीट उतरणार नाही, पण तुझा लोभ पोटभर आहे म्हणून निभतंय.

तुझी
ओर्लीनाताई


डेटन, ओहायो
१५ मार्च २०१४

ती. ओर्लीनाताईस,
डोव्हीचा सा. न. वि. वि.

सापडली. गोठवलेले मटार आणि डुकराच्या बरगड्या ह्यांच्यामध्ये, फ्रीझरच्या तळाशी. बी गारठ्यात ठेवलं की टिकतं असं तूच सांगितलं होतंस, आणि तुझं मी ऐकलं असं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच झालं. चिठ्ठीवर बर्फ साचला होता. हात लावला नाही, टेबलावर ठेवली आणि वितळेपर्यंत समोर बसून राहिले. चिठ्ठी शाबूत आहे. भिंगातून वाचली. तुझं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, आणि गोळी पांढरी, गोल, तिच्यावर कोणते आकडे कोरलेत तेही. आत घेवडा तसाच. झाकण उघडलं नाही. आज टपालात जाऊन वकीलबाईच्या नावानं सही घेऊन पोचेल अशी पाठवली. खिडकीतल्या पोरीनं आत काय विचारलं. मी म्हटलं, माझी आई.

आता एक सांगते, रागावू नकोस. चिठ्ठीवर लिहिलंय, गोळ्या तीस. डबीत निघाल्या अकरा. आणि ताई, तू गोळ्या घेतेस किती ते मला माहीत आहे. गुडघा सुजून भोपळा होईपर्यंत तू दात आवळून बसतेस. नाताळच्या दुसऱ्या दिवशी माझं कंबरडं धरलं, तेव्हा तू माझ्याच टेबलावर ती डबी उघडलीस आणि चार गोळ्या बशीत काढून ठेवल्यास. तशीच होबार्टला त्याच्या दाताला दिली असशील. पाद्र्याच्या बायकोला दिली असशील. मक्याचा पाव वाटतेस तशा वाटल्यास. आपल्याकडे सगळेच वाटतात, मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. पण सरकारी वकिलाला वजाबाकी येत असेल.

मी दोन खाल्ल्या. दोन साखरेच्या भांड्यात आहेत. तुझं पत्र वाचल्यापासून मी चहात साखर घातलेली नाही.

सांगशील तर मी येऊन साक्ष देते, की डबी तुझीच. बसला सहा तास लागतात, कंबर काय व्हायची ती होवो. मला ऐकू येत नाही त्याचा कोर्टात फायदाच होईल, नको ते प्रश्न ऐकूच येणार नाहीत.

लोभ फ्रीझरात ठेवलेला नाही, ताजाच आहे, तसाच तुझाही असू दे.

तुझी
डोव्ही


रॅकून फोर्क
२४ मार्च २०१४

ती. डोव्हीआजीस,
ट्रेसाचा सा. न. वि. वि.

बाटली पोचली. हॅडिक्सबाईंनी ती उजेडाकडे धरून हलवून पाहिली. म्हणाल्या, आजवर बाटलीत काय काय निघालेलं पाहिलं, घेवडा पहिल्यांदाच. तुझे आभार कसे मानू कळत नाही.

हे पत्र आजीला न सांगता लिहितेय. एक गोष्ट कोणाला तरी सांगायची होती. डबी पायाशी पडली तेव्हाच मी ती ओळखली. त्या पोच्यावर मी लहानपणी बोट फिरवत असायचे. शेरीफच्या माणसानं तीनदा विचारलं, कोणाची. मी एकदाही बोलले नाही. आजीचं नाव घेतलं असतं तर तो तडक घरी गेला असता, आणि आजीनं त्याला बसवून, कॉफी देऊन, कोणाकोणाला गोळी दिली त्याची यादी हौसेनं सांगितली असती. तू ओळखतेस तिला.

गंमत म्हणजे ह्या पाच याद्या मला पाठ आहेत. परीक्षेला होत्या. कोणतं औषध कितव्या यादीत हे मी झोपेतही सांगेन. पण ती यादी दुसऱ्या बाजूनं कशी दिसते हे कॉलेजात शिकवत नाहीत. तुरुंगात माझ्या शेजारी एक मुलगी होती, माझ्याच वयाची. घरी सहा महिन्यांचं बाळ. तिच्याकडे तीन गोळ्या सापडल्या होत्या, ह्याच, पांढऱ्या, गोल. तिला बाटली पाठवणारं कोणी नव्हतं. सकाळी मी सुटले, ती तिथेच राहिली. ते काही डोक्यातून जात नाही.

पप्पा नशेपायी गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आजी तेव्हा म्हणायची, ती घाण वेगळी आणि डॉक्टरची गोळी वेगळी. मीही तसंच मानत आले. गोळी तीच असते, डोव्हीआजी.

कॉलेजनं कळवलंय की निकाल लागेपर्यंत रुग्णांजवळ जायचं नाही. म्हणून घरी बटाटे सोलतेय. आजीला वाटतं मी ते फार छान सोलते.

हे आजीला कळू देऊ नकोस. तुझी माया माझ्या वाट्याला नेहमीच जास्त आली आहे, ती कमी करू नकोस.

तुझी
ट्रेसा


रॅकून फोर्क
रविवार, ६ एप्रिल २०१४

चि. डोव्ही हिस,
अ. आ. वि. वि.

साखर घाल चहात. त्या दोन गोळ्या कागदात गुंडाळ आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचार, नको असलेली औषधं टाकायची लोखंडी पेटी असते, टपालाच्या पेटीसारखी. नाव विचारत नाहीत. मी परवा होबार्टकडे जाऊन त्याच्या उरलेल्या दोन परत घेतल्या आणि इथल्या पेटीत टाकल्या. तो म्हणाला, दिलेली भेट परत घेणारी बाई त्यानं आजवर बघितली नव्हती. मी म्हटलं, दात काढून घे, तो मी परत मागणार नाही.

तुझ्या वजाबाकीनं माझी झोप उडवली. मी हॅडिक्सबाईकडे गेले आणि म्हटलं, मी जज्जसमोर उभी राहते आणि सगळं सांगते, कोणाला किती दिल्या ते. लपवून काय करायचंय ह्या वयात? बाई खुर्चीतून उठली आणि तिनं दार लावलं. म्हणाली, पुढे एक शब्द बोलू नका. कायद्यात देणं आणि विकणं एकाच ओळीत बसतं. पैसा घेतला नाही, बहिणीलाच दिली, दुखत होतं म्हणून दिली, काही चालत नाही. मी वाटलेली एकेक गोळी म्हणजे माझ्यावर एकेक खटला.

डोव्ही, मी परसात जाऊन बसले. आठ इयत्ता शिकलेली बाई मी, पण इतकी अडाणी आहे हे मला माहीत नव्हतं. डेन्व्हरला पहिली गोळी कोणी दिली असेल? कुठल्या गुंडानं नाही. खाणीत पाठ दुखावली तेव्हा कोणीतरी मायेनंच दिली असेल, माझ्यासारख्या कोणीतरी. हे मी नऊ वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

आता बाई म्हणते, मी एवढंच सांगायचं, की डबी माझी, औषध माझं, मी ती खणात ठेवली, पोरीला माहीत नव्हतं. हे सगळं खरं आहे. त्यापुढचं विचारलं तर गप्प बसायचं. तो म्हणे माझा हक्क आहे, देशानं दिलेला. मी ट्रेसाला सांगितलं तेव्हा पोरगी हसून हसून रडली. म्हणाली, आजी, तू गप्प बसणार? हवामानाचं विचारलं तर तू आपल्या आजोबांच्या लग्नापासून सुरू करतेस.

खरंच सांगते, मला तुरुंगाची भीती नाही तेवढी माझ्या जिभेची आहे. पंधरा तारखेला सकाळी माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि हे पत्र जाळ असं बाईनं सांगितलंय. तू जाळणार नाहीस, एकसष्ट सालापासूनची सगळी तुझ्या ट्रंकेत आहेत.

तुझा लोभ मुका असला तरी चालेल, असू दे म्हणजे झालं.

ओर्लीनाताई


रॅकून फोर्क
शनिवार, १९ एप्रिल २०१४

चि. डोव्ही हिस,
ओर्लीनाताईचे अ. अ. अ. आ.! वि. वि.

सुटली! सुटली गं पोर! फोनवर तुला ओरडून सांगितलं, पण तू तीनदा विचारलंस की कोण सुजली, म्हणून आता लिहितेय.

मी तो जांभळा ड्रेस घातला होता, डेन्व्हरच्या लग्नातला. होबार्टनं गाडी चालवली, मागचा दिवा आधी तपासला. कोर्टाच्या बाहेरच्या खोलीत सरकारी वकील भेटला. कोवळा पोरगा, टायची गाठ नीट बसली नव्हती, माझे हात शिवशिवत होते. हॅडिक्सबाईनं बाटली पुढे ठेवली. त्यानं चिठ्ठी वाचली, पोलिसांच्या पाकिटातल्या गोळ्या ताडून पाहिल्या. पांढरी, गोल, आकडे तेच. मग मी माझी चार वाक्यं बोलले. घरी कोंबड्यांसमोर पाठ केली होती. डबी माझी, औषध माझं, मी ठेवली, पोरीला ठाऊक नव्हतं.

त्यानं मान हलवली. मग त्यानं चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, की आजीबाई, बाटलीत होत्या तीस, मग बाकीच्या कुठे गेल्या?

डोव्ही, माझ्या तोंडाशी सगळं आलं. होबार्टचा दात, तुझी कंबर, पाद्र्याच्या बायकोची पाठ, आणि त्या पाठीमागची सगळी कहाणी, ती घोड्यावरून पडली होती ती. पोरगा इतक्या नम्रपणे विचारत होता, घरात आला असता तर मी त्याला पावाबरोबर सगळं वाढलं असतं. आणि इतक्यात माझी नजर ट्रेसाकडे गेली. भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक, ओठ घट्ट मिटलेले. शेरीफचा माणूस दाराशी होता. तो सहज हॅडिक्सबाईला सांगत होता, की त्या दिवशीही पोरगी अशीच उभी होती, डबी बघून पांढरी पडली, तीनदा विचारलं तरी मिटलेलं तोंड उघडलं नाही.

तेव्हा मला समजलं. तिनं डबी ओळखली होती. माझ्यासाठी ती एक रात्र तुरुंगात राहिली आणि तीन वर्षांचं शिक्षण पणाला लावलं, आणि मला बटाटे सोलून दाखवत बसली. तू हे जाणत होतीस असा मला दाट संशय आहे. त्याबद्दल तुझ्याशी मी भांडणार आहे, पण आज नाही.

मी तोंड मिटलं. शहात्तर वर्षांत पहिल्यांदा. पोरगा वाट बघत राहिला, मी त्याच्या टायकडे बघत राहिले. शेवटी हॅडिक्सबाई म्हणाली, की त्यांना ह्यावर काही बोलायचं नाही. मला बोलायचं होतं गं! पण नाही बोलले. मग त्यानं सुस्कारा सोडला आणि म्हणाला, की त्याच्या आजीकडेही पिठाच्या डब्यात काय काय असतं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

जज्जनं ट्रेसावरचा खटला काढून टाकला. परवाना मिळणार, सोमवारपासून रुग्णांजवळ जाणार. आणि मी? मी आता गुन्हेगार आहे, बाईसाहेब! औषध चुकीच्या डबीत ठेवल्याचा छोटा गुन्हा माझ्या नावावर आला, मी तो मान्य केला. सहा महिने नीट वागले तर पुसून टाकणार. जज्जनं विचारलं, जमेल का. मी म्हटलं, जमेल, पण होबार्टला माझ्यापासून लांब ठेवा.

आनंद आहे, पण सगळा आनंद नाही, हेही तुला सांगते. त्या मुलीची तारीखही त्याच दिवशी होती, बाळवाली, ट्रेसाच्या शेजारची. तिची आई बाळ घेऊन माझ्याच बाकावर बसली होती. त्यांच्याकडे काही बाटली नव्हती. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि काही बोलले नाही, त्या दिवशी मला दुसऱ्यांदा ते जमलं. ट्रेसानं त्या आईचा पत्ता घेतलाय. काल आम्ही तिकडे शेंगांची आमटी आणि मक्याचा पाव घेऊन गेलो. हॅडिक्सबाईनं सांगितलंय की व्यसन सोडवण्याच्या दवाखान्यात जायला ती तयार झाली तर कोर्ट ऐकेल. मुलगी हो म्हणते की नाही बघू.

आता घेवडा. बाटली कोर्टानं ठेवून घेतली, पुरावा म्हणून. पण दाण्यांचं काय करायचं ह्यावर कारकून अडून बसला. घेवडा कुठल्याच यादीत नाही ना! शेवटी त्यानं ते पाकिटात ओतले आणि वर लिहिलं, घेवडा, एकेचाळीस दाणे, मालक ओर्लीना स्पर्लॉक. खाली शिक्का मारला. डोव्ही, आईच्या घेवड्याला सरकारी कागद मिळाला! ती असती तर चौकट करून लावला असता.

काल गुड फ्रायडे. आई म्हणायची, घेवडा ह्याच दिवशी मातीत जायला हवा, मग थंडी पडो न पडो. एकवीस दाणे मी पेरले, वीस तुझ्यासाठी ह्याच पाकिटात घातलेत, कागदाच्या पाकिटात, बघून घे. वाफ्याच्या टोकाला ट्रेसानं एक काठी रोवली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली, औषधाच्या बाटलीवर असते तशी. नाव, तारीख, कोणाकडून आला, सगळं नीट लिहिलं. मला वाचून दाखवायला लावलं, मी मोठ्यानं वाचलं. तुळतुळीत घेवडा. ओर्लीनाच्या आईकडून ओर्लीनाकडे, तिच्याकडून डोव्हीकडे, आणि परत. आणि अगदी खाली, ठळक अक्षरात, वाटायला हरकत नाही.

लोभ पाकिटात जेवढा मावला तेवढा घातलाय, बाकीचा तू येशील तेव्हा.

तुझी
ओर्लीनाताई